घरच्या कार्यशाळेतील भुसा आणि आटोपशीर, स्वस्त व्हॅक्यूम क्लीनर

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर मी घराच्या तळमजल्यावरील आठ बाय दहा फुटांच्या खोलीत सुतारकामाची लहानशी कार्यशाळा थाटली. सागाच्या उरलेल्या फळ्या, प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) यांपासून मी पाट, चौरंग, देव्हारे आणि मुलांची खेळणी करतो. माझ्याकडे जिगसॉ (विजेवर चालणारी करवत), ड्रिल आणि पाच इंची ऑर्बिटल सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) आहे. झाडूने कितीही भुसा काढला तरी संध्याकाळपर्यंत शेजारच्या खोलीतही पिवळसर थर बसतो. सहा वर्षांच्या नातीला दम्याचा त्रास असल्यामुळे सूनबाईंची तक्रार मला योग्यच वाटते. सोफा आणि पडदे साफ करण्याचा घरातला व्हॅक्यूम क्लीनर वापरून पाहिला, तर तो वीस मिनिटांत तापून बंद पडला. आता वेगळे यंत्र घ्यायचे आहे. ते कमी जागेत मावणारे हवे आणि एकूण खर्च आठ हजारांच्या आत बसायला हवा. दुकानदार म्हणतात, जितके वॅट जास्त तितके यंत्र जोरदार, म्हणून २००० वॅटचेच घ्या. आपले मत काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आठ हजारांत आपले काम नीट होईल, मात्र ते सगळे पैसे यंत्रावर घालू नका. सुमारे पाच-साडेपाच हजारांपर्यंतचे, १००० ते १२०० वॅटचे आणि १२ ते २० लिटर टाकीचे ‘वेट अँड ड्राय’ (ओले आणि कोरडे दोन्ही ओढणारे) प्रकारातील यंत्र घ्यावे. उरलेली रक्कम भुसा आधीच वेगळा करणारा सायक्लोन, बारीक धुळीच्या पिशव्या आणि सँडरला नळी जोडण्याची सोय यांसाठी राखून ठेवावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आधी वॅटचा विषय संपवू. खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा यंत्र किती वीज घेते एवढेच सांगतो. त्या विजेतून हवा किती ओढली जाईल, हे पंख्याची बनावट, नळीची रुंदी आणि फिल्टरचे क्षेत्रफळ यांवर ठरते. माहितीपत्रकात आपण दोन आकडे शोधावेत. एक हवेच्या प्रवाहाचा, जो लिटर प्रति सेकंद किंवा घनमीटर प्रति तास असा देतात, आणि दुसरा ओढीचा, म्हणजे दुकानदार ज्याला सक्शन म्हणतात त्याचा, जो किलोपास्कल, मिलिबार किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये देतात. एक किलोपास्कल म्हणजे दहा मिलिबार, म्हणजेच पाण्याचा सुमारे १०२ मिलिमीटर उंचीचा स्तंभ, एवढे ध्यानात ठेवले की वेगवेगळ्या कंपन्यांची पत्रके शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. या वर्गातील बऱ्या यंत्राची ओढ १६ ते २० किलोपास्कलच्या आसपास असते. मात्र हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. ओढ सर्वांत जास्त असते ती नळीचे तोंड पूर्ण बंद असताना, जेव्हा हवा वाहतच नसते. प्रवाह सर्वांत जास्त असतो तो नळी मोकळी असताना, जेव्हा ओढ जवळजवळ उरत नाही. म्हणून जो विक्रेता एकच भलामोठा आकडा दाखवतो, त्याला दुसरा आकडा अवश्य विचारावा, आणि जे पत्रक वॅटखेरीज काहीच सांगत नाही ते बाजूला ठेवावे.

आपले घरातले यंत्र तापले, त्यात आपला दोष नाही. गादी-पडद्यांसाठीच्या अनेक यंत्रांत जी हवा धुळीसह ओढली जाते तीच फिल्टरमधून जाऊन मोटारीला थंड ठेवते. सँडरची पिठासारखी धूळ त्या छोट्या पिशवीच्या छिद्रांत बसली की हवा अडते आणि हवा अडली की मोटार भाजू लागते. सुदैवाने आपल्या यंत्रात तापमान वाढल्यावर बंद करणारा स्विच असावा, म्हणून ते वाचले. वेट अँड ड्राय यंत्रांत मोटारीला थंड करणारी हवा सहसा वेगळ्या झरोक्यांतून येते आणि वेगळ्या वाटेने बाहेर जाते, कारण ओढलेली ओली हवा मोटारीवरून नेणे धोक्याचे असते. त्यामुळे फिल्टर चोंदला तरी मोटार तग धरते. दुकानात यंत्राचे डोके (मोटार असलेला वरचा भाग) उचलून वर किंवा बाजूला असे स्वतंत्र झरोके आहेत का, हे बघून घ्या.

आता धुळीकडे वळतो, कारण खरी निवड तिथेच होते. जिगसॉचा भुसा जाड असतो, तो जमिनीवर पडतो आणि कोणतेही यंत्र तो उचलते. तुमच्या नातीच्या छातीत जाणारी धूळ मात्र सँडरची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, आणि सँडरमधून निघणाऱ्या धुळीत १० मायक्रॉनहून बारीक कण भरपूर असतात, जे डोळ्यांना सुटे दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर खोलवर जातात. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले, आणि एमडीएफमधील चिकटद्रव्यातून सुटणारे फॉर्मल्डिहाइड २००४ मध्ये त्याच गटात गेले. वर्षानुवर्षे कारखान्यात काम करणाऱ्यांचा धोका आणि आठवड्यातून चार तास काम करणाऱ्या हौशी माणसाचा धोका सारखा नसतो, हे खरे. पण दम्याच्या रुग्णाला त्रास व्हायला एवढी वर्षे लागत नाहीत. म्हणून आपण यंत्र निवडताना ‘किती ओढते’ याच्या आधी ‘ओढलेले आत ठेवते का’ हे विचारावे, असे मला मनापासून वाटते.

स्वस्त यंत्रांबरोबर पुष्कळदा फक्त स्पंजाची गोल टोपी मिळते. ती पाणी उपसण्यासाठी असते. तिच्यातून बारीक धूळ आरपार जाते आणि मागच्या झरोक्यातून पुन्हा खोलीत येते. कोरड्या कामासाठी घड्या घातलेल्या कागदाचा किंवा कृत्रिम धाग्याचा, डब्यासारखा दिसणारा कार्ट्रिज फिल्टर हवा आणि त्याच्या आधी टाकीत न विणलेल्या कापडाची पिशवी हवी. पिशवीचा खर्च टाळण्याचा मोह होतो, पण पिशवी असली की फिल्टर कितीतरी जास्त काळ मोकळा राहतो आणि टाकी रिकामी करताना धुळीचा ढग तोंडावर येत नाही. ‘हेपा’ (अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर) हा शब्द खोक्यावर दिसला म्हणून फसू नका. खऱ्या हेपाबरोबर एच १३ असा दर्जा किंवा ९९.९५ टक्के असा आकडा स्पष्ट लिहिलेला असतो. ‘हेपा टाइप’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. युरोपीय मानकाप्रमाणे कार्यशाळेच्या यंत्रांना एल, एम आणि एच असे धुळीचे वर्गही दिलेले असतात. एल वर्गात जास्तीत जास्त एक टक्का धूळ बाहेर निसटू शकते, तर एम वर्गात ०.१ टक्का. लाकडाच्या धुळीला एम वर्गच उत्तम, परंतु ती यंत्रे आपल्या रकमेत बसत नाहीत, आणि त्यावर पुढे एक साधा उपाय सांगतो.

फिल्टरच्या बाबतीत हयगय केली की काय होते, हे मी स्वतः भोगले आहे. काही वर्षांपूर्वी भिंतीची पुट्टी घासल्यावर पडलेली पांढरी भुकटी मी नव्याकोऱ्या यंत्राने उचलली. आत पिशवी नव्हती, कार्ट्रिजही नव्हता, फक्त स्पंज होता. दहा मिनिटांत आवाज किनरा झाला, मग जळल्याचा वास आला. डोके उघडले तेव्हा मोटारीच्या कार्बन ब्रशांभोवती (फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांभोवती) पुट्टीचे दगडासारखे कवच जमले होते. वॉरंटीत असे काम बसत नाही असे सांगून दुरुस्ती नाकारली गेली, आणि पत्रक पुन्हा वाचल्यावर मला ते मान्य करावे लागले. पुट्टी, प्लास्टर ऑफ पॅरिस, सिमेंट आणि चुलीची राख हे चार पदार्थ पिशवीशिवाय कधीही ओढू नयेत.

यंत्राइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे सायक्लोन. हा प्लास्टिकचा वीतभर उंचीचा, खाली निमुळता होणारा शंकू असतो. भुशाने भरलेली हवा त्यात कडेने शिरते, गरगर फिरते, जड कण कडेला फेकले जाऊन खालच्या बादलीत पडतात आणि बरीचशी स्वच्छ हवा मधल्या नळीतून यंत्राकडे जाते. मोठ्या सॉ मिलमध्ये छपरावर पत्र्याचा जो भला थोरला शंकू दिसतो, त्याचीच ही लहान आवृत्ती आहे. ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांना पिशवीविरहित घरगुती यंत्राची कल्पना सॉ मिलवरचा असाच सायक्लोन पाहून सुचली होती. नुसता सायक्लोन आपल्याकडे साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. तो मी बसवल्यापासून माझ्याकडची वीस लिटरची बादली महिन्यात गळ्यापर्यंत भरते, आणि यंत्राच्या टाकीतील पिशवीत त्या काळात जेमतेम दोन-तीन मुठी धूळ सापडते. महिन्याला एक पिशवी लागायची तिथे आता दोन पिशव्या वर्षभर पुरतात. सायक्लोनचे पैसे अशा रीतीने पहिल्याच वर्षी वसूल होतात.

बादलीबद्दल मात्र सावध असावे. रंगाची रिकामी बादली सहज मिळते आणि सगळे तीच वापरतात. झाकणाचा व्यास ३० सेंटीमीटर धरला आणि नळीच्या तोंडाला चुकून प्लायचा तुकडा चिकटून हवा पूर्ण अडली, तर १८ किलोपास्कल ओढीला त्या झाकणावर बाहेरच्या हवेचा सव्वाशे किलोहून अधिक भार पडतो. पातळ बादली अशा वेळी ‘भप्प’ आवाज करून पिचकते. दोन सारख्या बादल्या एकात एक घालून वापरल्या तर भिंत दुप्पट जाड होते आणि ही अडचण बहुतेक वेळा येत नाही. झाकण आणि बादली यांच्या सांध्यात हवा शिरली तर सायक्लोन काम करत नाही, भुसा थेट यंत्रात जातो. म्हणून झाकणाच्या कडेला खिडकीला लावतात तशी फोमची चिकटपट्टी फिरवावी. बादली तीन-चतुर्थांश भरली की रिकामी करण्याची सवय ठेवावी, कारण त्याहून वर गेलेला भुसा पुन्हा हवेबरोबर उचलला जातो. कमी जागेचा प्रश्नही इथेच सुटतो. यंत्राच्या डोक्यावर फळी बसवून तिच्यावर बादली ठेवू नका, ती उंच होऊन कलंडते. दोन्ही एका चाकांच्या चौकटीवर शेजारी ठेवले, तर दीड बाय अडीच फुटांची जागा पुरते आणि सगळे टेबलाखाली सरकते.

नळीची रुंदी लोक विचारतच नाहीत. २७ मिलिमीटरच्या नळीचे छिद्र ३५ मिलिमीटरच्या नळीच्या छिद्राच्या साठ टक्केच असते, त्यामुळे अरुंद नळीत रंध्याच्या ढलप्या आणि जिगसॉचे कपचे हमखास अडकतात. यंत्राबरोबरची मुख्य नळी ३५ मिलिमीटरची असावी आणि सँडरजवळच्या शेवटच्या हातभर लांबीपुरती ती बारीक व्हावी. हा सांधा जुळवायला महागडे अडॅप्टर शोधत बसू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटे रुंद तुकडा सँडरच्या तोंडावर अर्धा चढवावा आणि उरलेल्या अर्ध्यात नळी घुसवावी. रबर घट्ट बसते, हवा गळत नाही आणि काम झाले की ओढून काढता येते. फरक मोठा असेल तर प्लंबिंगच्या दुकानातील पीव्हीसीचे रिड्यूसर उपयोगी पडतात.

सँडर नळीला जोडल्यावर बरेच लोक म्हणतात की धूळ तरीही उडते. बहुतेक वेळा कारण पॉलिश पेपरमध्ये असते. पाच इंची सँडरच्या तळव्याला सहसा आठ छिद्रे असतात, आणि स्वस्त मिळतात म्हणून आणलेल्या चकत्यांना छिद्रेच नसतात, किंवा असली तरी ती तळव्यावरच्या छिद्रांशी जुळवून लावलेली नसतात. छिद्रे झाकली गेली की यंत्र कितीही चांगले असले तरी धूळ ओढायला वाटच राहत नाही. चकती लावताना पेन्सिल छिद्रातून आत जाते का, ते बघावे. उलट टोकाची चूकही होते. ओढ फार जास्त असेल तर सँडर लाकडाला चिकटतो, हात जड होतो आणि पृष्ठभागावर वर्तुळाकार ओरखडे उठतात. नळीच्या मुठीवर हवा सोडण्याची सरकती खिडकी असते, ती अशा वेळी थोडी उघडावी.

आता मघाशी सांगायचा राहिलेला उपाय. आपली खोली तळमजल्यावर आहे. यंत्र आणि बादली खोलीत ठेवण्याऐवजी बाहेरच्या पडवीत किंवा पावसापासून झाकलेल्या कोपऱ्यात ठेवावी आणि फक्त नळी खिडकीतून आत आणावी. फिल्टरमधून जी काही बारीक धूळ निसटेल ती उघड्यावर जाईल, आवाज निम्म्याहून कमी वाटेल, आणि एम वर्गाच्या यंत्रावर खर्च न करता घरातली हवा स्वच्छ राहील. नळी तीन-साडेतीन मीटरहून लांब करू नये, कारण लांबी वाढते तसा प्रवाह घटतो. घराकडे उघडणारे दार काम चालू असताना बंद ठेवावे, त्याच्या खालच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी लावावी, आणि काम संपल्यावर कपडे बदलूनच नातीला जवळ घ्यावे. यंत्र असले तरी सँडिंग करताना मुखपट्टी हवीच. आयएस ९४७३ हे भारतीय मानक छापलेली एफएफपी २ दर्जाची घ्यावी, कापडाचा रुमाल पुरत नाही.

विजेचा हिशेब करून ठेवणेही आवश्यक आहे. १००० वॅटचे यंत्र २३० व्होल्टला सुमारे ४.३ अँपिअर घेते. त्याच्या जोडीला ६०० वॅटचा जिगसॉ चालवला की एकूण सात अँपिअरच्या घरात जाते, आणि आपल्या भिंतीवरचा नेहमीचा सॉकेट सहा अँपिअरचा असतो. दोन्ही एकाच लहान सॉकेटवर लावल्यास पिन काळी पडते, प्लास्टिक वितळू लागते, आणि हे कित्येक घरांत घडलेले मी पाहिले आहे. गीझर किंवा एसीसाठी असतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा आणि किमान दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा एक्स्टेंशन बोर्ड वापरावा. दुकानदार सांगतात ते २००० वॅटचे यंत्र एकटेच ८.७ अँपिअर घेईल. ते नको म्हणण्याचे हेही एक कारण आहे.

खरेदीला जाताना घरून एका पिशवीत भुसा आणि थोड्या ढलप्या नेऊन यंत्र दुकानातच चालवून दाखवायला सांगावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी अशा ठिकाणी अवजारांचे जुने व्यापारी याला नकार देत नाहीत, नाशिकमध्येही विचारून पाहायला हरकत नाही. यंत्र चालू असताना टाकी आणि डोके यांच्या सांध्याभोवती ओला हात फिरवावा, हवा कुठे आत ओढली जात असेल तर लगेच गार लागते. डोके बसवणाऱ्या क्लिपा पातळ असतील तर ते यंत्र घेऊ नये, कारण सर्वांत आधी त्याच तुटतात. घरी आणल्यावर रात्री दिवे बंद करून, यंत्राच्या मागून येणाऱ्या हवेवर आडवा टॉर्च धरावा आणि कोणाला तरी जमिनीवरील बारीक धूळ ओढायला सांगावे. प्रकाशाच्या झोतात धूर दिसला तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा तो धूळ अडवतच नाही. आणि शेवटचे म्हणजे बिल करण्यापूर्वी त्याच दुकानात कार्ट्रिज फिल्टर आणि पिशव्या सुट्या मिळतात का, हे विचारून एक-एक जास्तीचा घ्यावा. दोन वर्षांनी फिल्टर मिळाला नाही, तर पाच हजारांचे यंत्र अडगळीत जाते.

प्रश्न : मी डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहते. बाल्कनीत बसून लाकडी दागिने आणि लहान फोटो फ्रेम करते. माझ्याकडे फक्त छोटी रोटरी हँड मशीन आणि कटर आहे. बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा व्हॅक्यूम पुरेल का? मोठ्या यंत्राच्या आवाजामुळे शेजारी नाराज होतील, अशी भीती वाटते.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टेबल आवरण्यासाठी पुरेल, धूळ पकडण्यासाठी पुरणार नाही. असे यंत्र पूर्ण जोरात साधारण दहा-पंधरा मिनिटे चालते, त्याची टाकी अर्ध्या लिटरच्या आसपास असते आणि बोटभर फिल्टर पाच मिनिटांत भरतो. ताई, आपल्या कामात धूळ थोडी असली तरी ती नाकापासून हातभर अंतरावर उडते, म्हणून काम चालू असतानाच ती ओढली जायला हवी. १० ते १२ लिटरचे सर्वांत लहान वेट अँड ड्राय यंत्र घ्यावे, त्याची नळी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसवून तोंड कामाच्या मागे चार इंचांवर ठेवावे. त्या तोंडाला जुन्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले पसरट नाळके बसवले की बहुतेक धूळ तिथेच जाते. शिसवाच्या तुकड्यांवर काम करत असाल तर अधिक जपावे, कारण त्या लाकडाच्या धुळीने त्वचेला आणि श्वासाला ॲलर्जी होणारे लोक बरेच आढळतात.

आवाजाची भीती रास्त आहे. ही यंत्रे जवळून ७५ ते ८५ डेसिबल आवाज करतात, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत ५५ डेसिबलची मर्यादा आहे. यंत्राखाली रबरी पायपुसणे टाका, म्हणजे लादीतून खालच्या घरात जाणारी थरथर कमी होईल. यंत्राला हवाबंद खोक्यात मात्र ठेवू नका, ते तापेल. दुपारची झोपेची वेळ टाळून शेजाऱ्यांना आधी सांगितलेत, तर एका तासाच्या कामाला सहसा कोणी हरकत घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचे घर आहे. पावसाळ्यात कार्यशाळेत पाणी झिरपते, म्हणून एकच यंत्र पाणी आणि भुसा दोन्हीसाठी वापरतो. फिल्टरला कुबट वास येतो आणि ओढही कमी झाली आहे. फिल्टर धुतला तर चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या यंत्रात कागदी कार्ट्रिज लावलेला असतानाच पाणी ओढले गेले असावे. भिजलेल्या घड्यांत भुसा लापशीसारखा बसतो, मग वाळून पुठ्ठा होतो आणि त्यावर बुरशी येते. असा फिल्टर टाकून द्यावा, बुरशीचे बीज हवेत उडवत राहण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी पाणी ओढण्यापूर्वी कार्ट्रिज आणि पिशवी दोन्ही काढून स्पंज लावावा, टाकीतील सगळा भुसा आधी रिकामा करावा, आणि पाणी वर आल्यावर हवा बंद करणारा तरंगता गोळा मोकळा हलतो का ते बोटाने तपासावे. काम संपल्यावर टाकी पुसून डोके उघडे ठेवावे आणि यंत्र दोन-तीन मिनिटे रिकामेच चालवून नळी आतून वाळवावी.

धुता येण्याजोगा कार्ट्रिज मिळतो. त्याच्यावर किंवा पत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले असते. तो आधी अंगणात हळू आपटून झटकावा, मग नळाच्या मंद धारेखाली आतल्या, स्वच्छ बाजूकडून बाहेर पाणी जाईल असा धरावा, ब्रशने घासू नये. कोकणात आषाढ-श्रावणात तो चोवीस तासांतही वाळत नाही, म्हणून दोन फिल्टर ठेवून ते आलटून पालटून वापरणे हाच खरा मार्ग आहे. उन्हाळ्यात उलट त्रास होतो, कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीवर स्थिर विद्युत साठून हाताला चटका बसतो. नळीवरून उघडी तांब्याची तार गुंडाळून तिचे टोक अर्थिंग असलेल्या लोखंडी टेबलाला जोडले, की तो जवळजवळ थांबतो.

प्रश्न : सांगलीत माझे छोटे वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनचे काम घराच्या मागेच चालते. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लोखंडाचा कीस वेट अँड ड्राय यंत्र ओढू शकेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, दादा. ग्राइंडर चालू असताना नळी त्याच्याजवळ कधीही धरू नका. आत लाकडाचा भुसा, कागदी पिशवी किंवा थिनरने पुसलेल्या चिंध्यांचे धागे असतील, तर एक ठिणगी तिथे जाऊन तासभर धुमसते, आणि आत सतत हवा खेळत असल्यामुळे ती पेट घेते. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी तर स्फोटकच असते, तिच्यासाठी घरगुती यंत्र वापरूच नये. थिनर, पेट्रोल यांचा सांडलेला भागही ओढू नका, मोटारीच्या ब्रशांत ठिणगी पडतच असते. लोखंडाचा कीस पूर्ण गार झाल्यावर, जुन्या स्पीकरचे चुंबक एका कॅरीबॅगमध्ये घालून जमिनीवरून फिरवा. कीस पिशवीला बाहेरून चिकटेल. मग पिशवी डब्यावर धरून चुंबक आतून बाहेर काढा, सगळा कीस डब्यात पडेल.